गेमिंग पीसी घ्यायचाय, पण लाईटबिलाची धास्ती? प्रोसेसर निवडताना खोक्यावरच्या वॅटला का फसू नये, समजून घ्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक विषय निघतोच. मुलाला कॉम्प्युटर हवा असतो. घरच्यांना सांगताना कारण अभ्यासाचं असतं, मनात मात्र व्हॅलोरंट आणि जीटीए असतो. वडिलांना दोन प्रश्न पडतात: किती पैसे लागतील आणि लाईटबिल किती येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचं कुणीच नीट देत नाही. कुणी म्हणतं, "गेमिंग पीसी म्हणजे घरात दुसरा एसी लावल्यासारखं आहे." कुणी यूट्यूबवर बघून सांगतं, "३५ वॅटचाच प्रोसेसर घे, बिल येणारच नाही." ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

खरा हिशेब काय आहे आणि अहिल्यानगरच्या घरात तो कसा मांडायचा, हे एकेक करून बघू.

आत्ताच हा विषय का निघालाय?

त्यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझेन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या आसपास घेतलेले कॉम्प्युटर बदलायची वेळ आली आहे.

दुसरं कारण रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या मोठ्या कंपन्या तिकडेच जास्त माल वळवतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' या ब्रँडखाली घरगुती ग्राहकांना रॅम विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकट्या रॅमनेच बजेट खाल्ल्यावर बाकीच्या पार्टमध्ये कुठे वाचवायचं, हा प्रश्न पुढे येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता भागेल का, असं लोक विचारू लागले आहेत.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे, ते म्हणजे महावितरणचं बिल.

खोक्यावरचे '६५ वॅट' म्हणजे नक्की काय?

प्रोसेसरच्या खोक्यावर किंवा वेबसाईटवर एक आकडा असतो. ३५ वॅट, ६५ वॅट, १२५ वॅट. याला टीडीपी म्हणतात. बहुतेकांना वाटतं की प्रोसेसर कायम इतकी वीज खातो. तसं नसतं.

हा आकडा मुळात उष्णतेचा आहे. प्रोसेसर ठरलेल्या वेगाने काम करत असताना त्याची उष्णता बाहेर काढायला कूलर किती ताकदीचा लागेल, हे त्यावरून कळतं. प्रत्यक्षातली वीज त्याहून जास्तही असते आणि कमीही असते.

इंटेलचा कोअर आय५-१२४०० घ्या. त्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोर लावला तर कंपनीच्याच माहितीनुसार तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीच्या ६५ वॅटवाल्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ८८ वॅट असते. कोअर आय९-१४९००के वर १२५ वॅट लिहिलंय, पण त्याची वरची मर्यादा २५३ वॅट आहे.

आता उलटं उदाहरण. एएमडीच्या रायझेन ७ ७८००एक्स३डी वर १२० वॅट लिहिलेलं असतं. पण गेम खेळताना तो साधारण त्याच्या निम्म्यात भागवतो. त्याच्या आत ९६ एमबीची मोठी कॅश मेमरी आहे, त्यामुळे गेमला लागणारा डेटा रॅममधून आणायला त्याला सारखं पळावं लागत नाही. बहुतेक चाचण्यांमध्ये तो गेमिंगला आय९-१४९००के च्या तोडीस तोड उतरला आणि वीज मात्र कितीतरी कमी लागली.

म्हणजे खोक्यावर १२० वॅट लिहिलेला प्रोसेसर प्रत्यक्षात कमी खाऊ शकतो आणि ६५ वॅटवाला शंभरी पार करू शकतो. तुम्ही त्याच्याकडून कोणतं काम करून घेता, त्यावर ते ठरतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा रेंडरिंगला सगळे कोअर पळतात, गेमला शक्यतो काहीच कोअर पळतात.

मीटरवर नेमकं काय दिसतं?

मीटरला प्रोसेसर वेगळा दिसत नाही. त्याला दिसतो तो सगळा कॉम्प्युटर: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, मॉनिटर आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज. हिशेबासाठी आपण तीन मशीन धरू. आकडे अंदाजे आहेत, मॉनिटर धरून आहेत आणि गेम चालू असतानाचे आहेत.

मशीन अ: वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे. उदाहरणार्थ रायझेन ५ ५६००जी. साधारण १२० वॅट.

मशीन ब: ६५ वॅट गटातला सहा कोअरचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड. साधारण २५० वॅट.

मशीन क: सगळ्यात वरच्या गटातला प्रोसेसर आणि मोठं कार्ड. साधारण ५०० वॅट.

रोज चार तास खेळलं तर महिन्याला १२० तास होतात. अ ला साधारण १४ युनिट, ब ला ३० युनिट आणि क ला ६० युनिट लागतील.

आकडे वाचून वाटेल, यात काय एवढं? पण महावितरणच्या बिलाची मेख अजून पुढे आहे.

कॉम्प्युटरचे युनिट हे महिन्याचे 'शेवटचे' युनिट असतात

घरगुती ग्राहकाचं बिल टप्प्यांमध्ये येतं. पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्याच्या पुढे. दर वेळोवेळी बदलतात. तरी अलीकडच्या वर्षांत वहन आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिटला ६ रुपयांच्या आसपास, दुसऱ्या टप्प्यात १२ रुपयांच्या आसपास आणि तिसऱ्यात १६ रुपयांच्या आसपास असं चित्र राहिलंय. त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं. तुमचा नेमका दर तुमच्या बिलावर छापलेला असतो, तोच धरा.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. १०१ वं युनिट पडलं की सगळं बिल महागड्या दराने येतं, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. पहिले १०० युनिट स्वस्तच राहतात, महाग दर फक्त त्यापुढच्या युनिटना लागतो.

पण याच कारणाने कॉम्प्युटर महाग पडतो. फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर हे तर चालू राहणारच आहे. कॉम्प्युटर नव्याने आला, म्हणजे त्याचे युनिट या सगळ्यांच्या वर जाऊन बसतात. त्यामुळे त्यांना लागतो तो तुमच्या घराचा सगळ्यात वरचा दर. सरासरी दराने हिशेब केला तर तो चुकतो.

समजा सावेडीतलं एक घर आहे आणि त्यांचा वापर आधीच ११० युनिट आहे. त्यांच्या कॉम्प्युटरचं प्रत्येक युनिट १२ च्या दराने जाणार. शुल्क धरून मशीन अ चं महिन्याला साधारण २०० रुपये, ब चं ४२० आणि क चं ८३५ रुपये वाढीव बिल येईल. वर्षाला हेच २,४००, ५,००० आणि १०,००० होतात. तीन वर्षांत अ आणि क मधला फरक जवळपास २३ हजारांवर जातो. एवढ्यात एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड येतं.

आता केडगावमधलं दुसरं घर धरा, वापर ७० युनिट. तिथे मशीन ब चे ३० युनिट बरोबर शंभरच्या आत बसतात. वाढीव बिल फक्त २१० रुपयांच्या आसपास. सावेडीच्या घरात त्याच मशीनला दुप्पट पडले होते.

तिसरं घर, जिथे उन्हाळ्यात एसी चालतो आणि वापर २८० युनिटवर जातो. तिथे मशीन क चे पहिले २० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले ४० तिसऱ्या टप्प्यात पडतात. त्या महिन्याचं वाढीव बिल हजाराच्या वर.

म्हणून प्रोसेसर बघायच्या आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. महावितरणच्या ॲपवर ती मिळतात. तुमचं घर कोणत्या टप्प्यात उभं आहे, हे कळल्याशिवाय 'कमी विजेचा कॉम्प्युटर' या शब्दाला काही अर्थ नाही.

मग ३५ वॅटचा प्रोसेसर घेतला तर?

इंटेलच्या नावात शेवटी 'टी' असलेले आणि एएमडीच्या नावात 'जीई' असलेले प्रोसेसर ३५ वॅटचे असतात. उदाहरणार्थ कोअर आय५-८५००टी किंवा रायझेन ५ ५६००जीई. हे मुख्यतः कंपन्यांच्या छोट्या ऑफिस मशीनसाठी बनतात. सुट्टे मिळणं अवघड असतं आणि मिळाले तरी कमी वेगाच्या मालाला जास्त किंमत मोजावी लागू शकते.

त्यातून वाचतं किती? नुसतं ब्राउझिंग चालू असेल तर ३५ आणि ६५ वॅटच्या भावंडांमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण दोघेही निवांत बसलेले असतात. फरक पडतो तो जोर लागल्यावर. गेममध्ये तो २५ वॅटचा धरला तरी महिन्याच्या १२० तासांचे ३ युनिट होतात. म्हणजे ४० रुपये. वर्षाला ५०० रुपये.

त्यासाठी दोन-तीन हजार जादा मोजले तर ते वसूल व्हायला चार-सहा वर्षं लागतील. आणि तेवढी वर्षं गेमचा वेगही कमी मिळेल.

शिवाय बऱ्याच ६५ वॅटच्या प्रोसेसरला तुम्ही स्वतः ३५-४५ वॅटवर आणू शकता. रायझेनला बायोसमध्ये 'इको मोड' नावाची सोय बऱ्याच मदरबोर्डवर असते. इंटेलमध्ये पॉवर लिमिटचा आकडा कमी करता येतो, मात्र मदरबोर्डने तशी परवानगी द्यायला हवी. वीज जितकी कमी होते तितका वेग कमी होत नाही, कारण शेवटचे थोडे फ्रेम काढायलाच प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज ओढतो. मे महिन्यात मर्यादा लावा, थंडीत काढून टाका. टी मालिकेच्या प्रोसेसरला हा पर्याय नसतो.

नावामागची अक्षरं वाचायला शिका

दुकानात गेल्यावर आकड्यांपेक्षा नावाच्या शेवटचं अक्षर जास्त सांगतं.

इंटेलमध्ये 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. आय५-१२४००एफ स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि कार्ड घेतलं नाही, तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. 'के' म्हणजे वेग वाढवायची मोकळीक, सोबत जास्त वीज, जास्त उष्णता आणि महागडा कूलर. 'टी' म्हणजे ३५ वॅट.

एएमडीमध्ये 'जी' म्हणजे आत तगडं ग्राफिक्स. 'एक्स' म्हणजे जास्त वेग आणि बऱ्याचदा जास्त वीज. रायझेन ५ ७६०० हा ६५ वॅटचा आहे आणि ७६००एक्स १०५ वॅटचा. दोघांनाही सहाच कोअर आहेत आणि गेममध्ये फरक थोडाच दिसतो. 'एक्स३डी' म्हणजे मोठ्या कॅशवाले, गेमसाठी खास.

अजून एक गोष्ट. 'ट्रे' प्रोसेसर म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकलेला. तो स्वस्त असतो, पण खोक्यातल्या प्रोसेसरवर कंपनीची साधारण तीन वर्षांची वॉरंटी मिळते, ट्रेच्या मालाची जबाबदारी दुकानदारावर असते. पुणे नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि मुंबईचं लॅमिंग्टन रोड त्याहून लांब. तिथून ट्रेचा माल आणला आणि बिघडला, तर तो बदलायला जाण्या-येण्याचाच खर्च धरावा लागेल. बिलावर वॉरंटी कुणाची, हे लिहून घ्या.

कोणत्या घराला कोणता?

एक. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ५ आणि सोबत अभ्यास, एवढंच काम असेल तर रायझेन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्सवाला प्रोसेसर पुरतो. सहा कोअर आहेत, ६५ वॅट आहे आणि तो डीडीआर४ रॅमवर चालतो. घरात जुनी डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर आजच्या भावात ती मोठीच बचत आहे. फक्त रॅमची एकच स्टिक लावू नका. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. १६ जीबीची एक स्टिक लावण्याऐवजी ८ जीबीच्या दोन लावल्या तर त्याच प्रोसेसरवर गेम स्पष्ट जास्त वेगाने चालतो.

दोन. नवे थोडे जड गेमही खेळायचे आहेत, पण कार्ड घ्यायचं नाही, तर रायझेन ५ ८६००जी बघा. हाही ६५ वॅटचाच, आतलं ग्राफिक्स बरंच पुढचं. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि सध्या तिचेच भाव चटके देतायत. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा तिघांचा एकत्र भाव काढा. तो पहिल्या पर्यायाला एक छोटं कार्ड जोडण्याइतका होत असेल तर कार्डच परवडेल. ८६००जी ची जमेची बाजू म्हणजे एएम५ सॉकेट. एएमडीने तो २०२७ आणि पुढेही चालवायचं सांगितलंय, म्हणजे नंतर नुसता प्रोसेसर बदलता येईल.

तीन. कार्ड घ्यायचंच आहे, तर आय५-१२४००एफ किंवा रायझेन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर घ्या. चार कोअरचा आय३-१२१००एफ सुद्धा साध्या कार्डाला पुरतो. इथे ५६००जी घेऊ नका. त्यात कॅश मेमरी ५६०० च्या निम्मीच आहे, त्यामुळे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे पडतो. आणि विजेचा विचार असेल तर प्रोसेसरपेक्षा कार्डाचे वॅट आधी बघा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं, त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट लागतात. सगळ्यात वरच्या आरटीएक्स ५०९० ला ५७५. प्रोसेसरमध्ये २५ वॅट वाचवून कार्डात २०० वॅट घालवण्यात काही हशील नाही.

चार. छोट्या मिनी पीसीमध्ये येणारा इंटेल एन१०० हा फक्त ६ वॅट गटातला आहे. ऑनलाइन क्लास, ऑफिस, यूट्यूब यासाठी उत्तम. गेमिंग पीसी म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. जुने आणि अगदी हलके गेमच त्यावर चालतात.

कमी विजेत गेम चालतच नाहीत असंही नाही. व्हॉल्व्ह कंपनीचं २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र ४ ते १५ वॅटच्या चिपवर मोठमोठे गेम चालवतं. पण त्याची स्क्रीन १२८० बाय ८०० ची आहे आणि गेमच्या सेटिंग खाली आणाव्या लागतात. ती तडजोड तुम्हाला चालणार असेल तर तुमच्याही घरात कमी वॅटचं मशीन चालेल.

सेकंड हँड घेताना

डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी अशी ऑफिसातून निघालेली छोटी मशीन सध्या बरीच विकायला असतात. त्यात बऱ्याचदा टी मालिकेचा ३५ वॅटचा प्रोसेसर असतो. विजेच्या दृष्टीने ही सोन्यासारखी आहेत. पण त्यात ग्राफिक्स कार्ड लावायला जागा नसते आणि आतलं जुनं ग्राफिक्स नव्या गेमला झेपत नाही.

घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी बघा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू होतात का, ते समोर करून बघा, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात. आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा ताकदवान इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट झालंय का विचारा. या दोन पिढ्यांच्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते बिघडत होते, हे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, दुरुस्तीचं अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली.

लाईट गेली तर?

जिल्ह्यातल्या घरांसाठी हा मुद्दा बिलाइतकाच महत्त्वाचा आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. सावेडीतली वीज आणि पाथर्डी किंवा जामखेडच्या वस्तीवरची वीज एकसारखी नसते. गावठाणातल्या घरांना वेगळं फीडर असतं, पण शेतात वस्ती करून राहणारी अनेक घरं शेतीच्या फीडरवर असतात. तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं.

अशा घरात कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर चालतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेलतो. मशीन अ आणि ब त्यावर निभावतील. मशीन क वर गेम चालू असताना लाईट गेली, तर यूपीएस ओव्हरलोड होऊन तोही बंद पडेल. ज्यासाठी तो घेतला, तेच काम तो करणार नाही.

घरच्या १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. इन्व्हर्टरमधला अपव्यय आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही हे धरलं तर १,२०० हाताशी राहतात. दोन पंखे आणि लाईट मिळून ८० वॅट धरा. मशीन अ सोबत एकूण २०० वॅट, म्हणजे साधारण सहा तास. मशीन ब सोबत साडेतीन तास. मशीन क सोबत दोन तास, आणि भार जास्त असल्यावर लेड-ॲसिड बॅटरी हिशेबापेक्षाही लवकर बसते. ५०० वॅटचं इन्व्हर्टर झेपेल का, हा प्रश्न वेगळाच.

इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. कॉम्प्युटर असेल तर ते यूपीएसवर ठेवा. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर काढतो आणि चांगल्या सप्लायलाही ते १६-१७ मिलिसेकंदच जमतं. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या सप्लायकडून तीही अपेक्षा ठेवू नका. '८० प्लस ब्रॉन्झ' प्रमाणपत्राचा सप्लाय निम्म्या भाराला साधारण ८५ टक्के वीज कामाला लावतो. प्रोसेसरमध्ये वाचलेले पैसे इथे घाला.

एक रुपया न घालता बिल कमी कसं करायचं?

फ्रेमवर मर्यादा लावा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो. व्हॅलोरंट ३०० फ्रेमने पळत असेल तर उरलेल्या फ्रेमसाठी गेलेली बरीचशी वीज तुम्हाला पूर्ण दिसतही नाही. गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा ६०-७५ वर आणली की कार्ड आणि प्रोसेसर दोघेही थंड होतात.

रात्री डाउनलोड लावून कॉम्प्युटर चालू ठेवू नका. नुसतं बसलेलं ५० वॅटचं मशीन रोज रात्री आठ तास चालू राहिलं तर महिन्याला १२ युनिट होतात. मशीन अ वर महिनाभर रोज चार तास खेळून १४ च होतात. म्हणजे न खेळताही जवळपास तेवढंच बिल. स्लीप मोडवर हाच वापर दोन-तीन वॅटवर येतो.

डाउनलोड आणि अपडेट दिवसा करा. स्मार्ट टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते. सुट्टीतलं गेमिंगही त्या वेळेत बसवता येईल, घरचे तयार असतील तर.

आणि उन्हाळ्यात लक्षात ठेवा, कॉम्प्युटर जेवढे वॅट घेतो तेवढी उष्णता खोलीत सोडतो. मशीन क म्हणजे एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत ५०० वॅटचा हीटर. मग पंखा पाचवर जातो, कूलर लागतो, आणि त्यांचे युनिटही त्याच वरच्या टप्प्यात पडतात.

थोडक्यात काय?

बहुतेक घरांसाठी उत्तर मधल्या गटात आहे: सहा कोअरचा, ६५ वॅट गटातला प्रोसेसर. हलके गेम असतील तर आतल्या ग्राफिक्सवाला. कार्ड घ्यायचं असेल तर साधा प्रोसेसर आणि ७० ते १५० वॅटमधलं कार्ड. ३५ वॅटच्या प्रोसेसरसाठी जादा पैसे देऊन वर्षाला ५०० रुपये वाचतात. तेच ५०० वॅटचं मशीन टाळलं तर वर्षाला हजारो वाचतात.

दुकानात जाताना खिशात मागच्या महिन्याचं लाईटबिल ठेवा. दुकानदाराने मशीन सुचवलं की एकच प्रश्न विचारा: "गेम चालू असताना प्लगवर किती वॅट घेईल?" त्या आकड्याला रोजच्या तासांनी आणि ३० ने गुणा, हजाराने भागा. जे युनिट येतील ते तुमच्या बिलाच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने मोजा. मुलाचा हट्ट आणि वडिलांची धास्ती, दोघांनाही त्या एका आकड्यावर बसून बोलता येईल.